घरातल्या मैफलीचे पैसे मागायचे कसे?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी गायिका तिशीच्या उंबरठ्यावर आहे. स्वतः गाणी लिहिते, चाली लावते, गिटारवर गाते. पाठीशी कुठली कंपनी नाही, व्यवस्थापक नाही. बास आणि ड्रम्स वाजवणाऱ्या दोन मित्रांबरोबर ती काही वर्षं कॅफे, बार, छोटे महोत्सव असं जमेल तिथे वाजवते आहे. मध्यंतरी एका श्रोत्याने तिला घरी गायला बोलावलं. पंचवीसेक माणसं होती, माईक नव्हता. 'लोक इतके शांत बसले होते की मला माझा श्वास ऐकू येत होता,' असं ती लिहिते. कार्यक्रम छान झाला. शेवटी यजमानाने सगळ्यांदेखत विचारलं, 'तुम्हाला काय द्यायचं?' आणि ती म्हणाली, 'काही नको हो, मजा आली.' जाण्यायेण्याचा खर्चही अंगावर पडला. आता आणखी दोन घरांतून विचारणा झाली आहे आणि बारा घरांचा दौरा काढावा असं तिच्या मनात आहे. पण कुणाच्या घरी जाऊन पैसे मागणं तिला हात पसरल्यासारखं वाटतं. स्टेज मिळत नाही म्हणून दिवाणखान्यात गाते असं लोक म्हणतील, अशीही धास्ती आहे. आणि बँडमधले दोघं 'म्हणजे आम्हाला वगळून?' असं विचारून गप्प झालेत. तिने काय करावं?

*

'काही नको हो' हे तुमच्या तोंडून निघालं तेव्हा यजमानाचा चेहरा कसा झाला, ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज असा की त्याचा जीव भांड्यात पडला. किती द्यायचे हे त्यालाही माहीत नव्हतं. जास्त दिले तर दान केल्यासारखं दिसेल, कमी दिले तर अपमान होईल. आधी विचारायला हवं होतं, ते राहून गेलं आणि ऐनवेळी सगळ्यांसमोर विचारावं लागलं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे ती दोघांनाही नडली, फक्त खिसा एकट्या तुमचा हलका झाला.

पत्रभर तुम्ही या माणसाकडे उपकारकर्ता म्हणून बघता आहात: त्याने बोलावलं, जागा दिली, माणसं जमवली, मग वर पैसे कसे मागायचे? मला हे गणितच पटत नाही. त्या संध्याकाळपुरता तो तुमचा आयोजक होता. कॅफेचा मालक तुम्हाला बोलावतो तेव्हा पहिल्याच फोनवर तुम्ही मानधन, वेळ, साउंड सगळं बोलून घेता, आणि त्यात तुम्हाला कमीपणा वाटत नाही. घराच्या बाबतीत मात्र यातलं काहीच बोलला नाहीत. कारण दारात चपला काढून आत गेलं की माणूस पाहुणा होतो, आणि पाहुणा पैशाचं बोलत नाही. हे अगदी बरोबर आहे, त्या संध्याकाळी बोलूच नये. म्हणून तर ते तीन आठवडे आधी, फोनवर आणि मग लेखी बोलून घ्यायचं. हिशेब आधीच मिटलेला असला की घरात शिरल्यावर तुम्हाला निवांत पाहुणी होता येतं.

यजमानालाही तेच हवं असतं, हे मी दुसऱ्या बाजूने सांगू शकते, कारण माझ्या घरीही असे कार्यक्रम झाले आहेत. ज्या कलाकारांनी आधीच पानभर मजकूर पाठवला, त्यांच्या वेळी मला काही सुचवावं लागलं नाही. 'तुम्ही ठरवाल ते' म्हणणाऱ्यांनी मात्र रात्रीची झोप उडवली. 'तुम्ही ठरवाल ते' यात नम्रता दिसते, पण त्याने सगळं ओझं समोरच्यावर पडतं.

आता प्रत्यक्ष पैसे. घरगुती मैफलीत ते तीन तऱ्हांनी येतात. एक, यजमान ठरलेलं मानधन स्वतः देतो आणि लोकांना फुकट बोलावतो. दोन, आधी तिकीट विकायचं. तीन, ऐच्छिक रक्कम, म्हणजे मध्यंतरात टोपली फिरते किंवा टेबलावर पाकिटं आणि क्यूआर कोड असतो. पहिल्यात तुम्ही निर्धास्त, पण असा यजमान विरळा. दुसऱ्याचा फायदा नुसत्या पैशांचा नाही. फुकट असलं की 'येतो येतो' म्हणणारे आयत्या वेळी गळतात, पैसे भरलेला माणूस सहसा येतोच. तिसरी तऱ्हा सर्वांत सोपी आणि सर्वांत बेभरवशाची.

मला विचाराल तर सुरुवातीला तिसरीला किमान हमीची जोड द्या. यजमानाला सांगायचं, 'जमा होईल ते सगळं माझं, पण अमुक रकमेच्या खाली गेलं तर फरक तुम्ही भराल का?' बहुतेक यजमान हो म्हणतात, कारण त्यांना धोका ठाऊक असतो आणि तो बेताचा असतो. ही अमुक रक्कम हवेतून काढू नका. दौऱ्याचा सगळा खर्च मांडा: प्रवास, राहणं, जेवण, गिटारच्या तारा, आणि दुसरं काही काम करत असाल तर त्याचे बुडालेले दिवस. त्याला कार्यक्रमांच्या संख्येने भागलं की एका रात्रीचा खर्च कळतो. त्याच्या खाली जायचं नाही. मग प्रत्येकी किती सुचवायचे ते काढताना त्या आकड्याला पंधराने भागा, तीसने नको. तीस लोक येणार असं प्रत्येक यजमान सांगतो, आणि मनापासून सांगतो, पण पावसाला आणि मुलांच्या परीक्षेला ते ठाऊक नसतं.

ही सुचवलेली रक्कम आमंत्रणातच छापलेली हवी, आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात पैशाचा विषय यजमानाने काढायचा, तुम्ही नाही. हे अगदी ठरवून घ्या. मध्यंतर होण्याआधी त्याने उठून दोन वाक्यं बोलायची: 'या स्वतःच्या जिवावर दौरा करताहेत, आजचं सगळं त्यांना जाणार आहे, आमंत्रणात लिहिलं होतं तेवढे तरी टाका.' आणि पहिलं पाकीट सगळ्यांना दिसेल असं त्याने स्वतः टाकायचं. रिकाम्या टोपलीत पहिला हात घालायला कुणालाच आवडत नाही. हे कार्यक्रमाच्या शेवटावर ठेवू नका. शेवटी लोकांना घरी जायची घाई असते आणि तुमच्याभोवती चारजण फोटोला उभे असतात, त्यात पैशाचं राहून जातं. मध्यंतरात रेकॉर्ड, टीशर्ट, गाण्यांची वही, काय असेल ते विकायला मांडता येतं. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे दोन भाग आणि मधे वीस मिनिटं, ही मांडणी घराला बरोबर बसते.

'स्टेज मिळत नाही म्हणून' याकडे वळते. लोक काय म्हणतील ते मला थांबवता येणार नाही, पण तुम्ही स्वतः तसं समजत असाल तर थोडा इतिहास आठवू या. ऑस्ट्रियाचा संगीतकार शूबर्ट याची गाणी आधी वाजली ती व्हिएन्नातल्या मित्रांच्या घरी. १८२१ पासून त्या बैठकींना शूबर्टियाडं हे नावच पडलं. निव्वळ स्वतःच्या रचनांचा जाहीर कार्यक्रम त्याने आयुष्यात एकदाच केला, १८२८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो गेला. (पैशाच्या बाबतीत मात्र शूबर्टचं उदाहरण गिरवू नका, बिचारा कायम ओढग्रस्तीत होता.) १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात घरभाडं थकलं की लोक घरातच पार्टी ठेवत, दारात पैसे घेत आणि पियानोवादकाला बोलावत. फॅट्स वॉलर, जेम्स पी. जॉन्सन यांच्यासारखे नावाजलेले जॅझ पियानोवादक अशा घरांतून वाजवत होते. दारात पैसे घेण्याची लाज तिथे कुणाला नव्हती, कारण पैसे कशासाठी हे उघड होतं.

अलीकडचं बघायचं तर अमेरिकी गीतकार डेव्हिड बझान याने २००९ च्या सुमाराला चाहत्यांच्या दिवाणखान्यांतून दौरे सुरू केले. त्याचं नाव आधीच झालेलं होतं, क्लबं मिळत होती, तरी. मर्यादित तिकिटं आधी विकायची, पत्ता फक्त तिकीट घेणाऱ्यालाच कळवायचा, आवाजाची यंत्रणा नाही, एवढा साधा बेत. कॅनडात २००७ मध्ये होम रूट्स नावाची संस्थाच निघाली. विनिपेगचा लोकसंगीत महोत्सव ज्यांनी उभा केला त्या मिच पोडोलॅक यांचा त्यात पुढाकार होता. कलाकार साधारण दोन आठवड्यांच्या फेरीवर निघतो आणि जवळपास रोज नव्या घरात गातो, मोठ्या शहरांपासून दूरच्या गावांतही. लंडनमध्ये २००९ मध्ये सोफार साउंड्स हा घरगुती मैफली भरवणारा उपक्रम सुरू झाला तो तर गर्दीच्या कार्यक्रमात लोक बोलत राहतात, फोन बघत राहतात, याला कंटाळून. पुढे ती जगभर पसरलेली कंपनी झाली आणि तिकिटाच्या मानाने कलाकाराला फार थोडं मिळतं अशी टीकाही तिच्यावर झाली. तेव्हा अशा एखाद्या मंचावरून बोलावणं आलं तर आनंदाने जा, पण तिकिटातला किती वाटा आपला, हे आधी विचारा.

आता ज्या वाक्यापाशी मी जास्त वेळ थांबले त्याकडे येते. 'मला माझा श्वास ऐकू येत होता.' तुमचा प्रश्न पैशाचा आहे, पण घाबरवलं आहे ते या शांततेने, असं मला वाटतं. चुकत असेन तर सोडून द्या. कॅफेत कॉफीचं यंत्र फुसफुसतं, लोक बोलतात, ड्रम्स मागे असतात. एखादी ओळ डळमळली तर ती त्यात खपून जाते. दिवाणखान्यात पहिली रांग दोन मीटरवर असते. डोळे मिटले तरी त्यांना दिसतं, पट्टी चुकली तर ऐकू येतं, तार बदलायला अडीच मिनिटं लागली तर तीही सगळे बघत बसतात. त्या संध्याकाळी तुम्ही मानधन नाकारलंत त्यात थोडं असंही होतं का, की एवढ्या जवळून ऐकलेल्या गाण्याचे पैसे घ्यायचा धीर झाला नाही?

असेल तर त्याला उपाय सरावाचाच आहे. बारा घरांच्या आधी एक घर मैत्रिणीचं घ्या, दहा-बारा माणसं, पूर्ण कार्यक्रम, दोन्ही भाग, माईकशिवाय. गाण्यांमधल्या बोलण्याचीही तालीम करा. स्टेजवर 'थँक यू, पुढचं गाणं...' एवढ्यावर भागतं. घरात लोकांना गाण्यामागची गोष्ट हवी असते, पण प्रत्येक गाण्याची नको. तीन-चार गोष्टी पुरतात, बाकी गाणी एकाला एक जोडून म्हणा. आणि बघायचं कुठे हे ठरवून ठेवा. समोरच्याच्या डोळ्यांत सबंध कडवंभर बघितलं तर तो बिचारा पाणी प्यायला उठतो.

खोलीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण यावर कुणी बोलत नाही आणि कार्यक्रम बिघडतो तो इथेच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींमुळे त्याहूनही कमी उतरतो. शेवटचा माणूस पाच-सहा मीटरवर असेल तर गळा आणि साधी गिटार पुरते, माईकची गरज नसते. कोपऱ्यात उभं राहू नका, तिथे खालचे सूर घुमतात. सपाट भिंतीला पाठ करा, पण स्वच्छतागृहाच्या किंवा स्वयंपाकघराच्या वाटेवर नको, नाहीतर रात्रभर माणसं 'सॉरी सॉरी' करत तुमच्यासमोरून जातील. डोक्यावरचा मोठा दिवा बंद, तुमच्या बाजूला एखादा लहान दिवा, आणि मागे खिडकीचा उजेड नको.

फ्रिज बंद करायला सांगा. त्याची घरघर घरच्यांना वर्षानुवर्षं ऐकू आलेली नसते, हळू गाण्यात मात्र ती तुमच्याबरोबर गाते. रेकॉर्डिंगवाल्यांची जुनी युक्ती आहे: फ्रिज बंद केला की आपल्या गाडीची किल्ली आत ठेवायची, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय निघता येत नाही.

आणि उकाडा. शांत बसलेला माणूसही साधारण शंभर वॉट उष्णता सोडतो. तीस माणसं म्हणजे तीन किलोवॉटचा हीटर, आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून खिडक्या लावलेल्या. पंखा लावला तर तो ऐकू येतो आणि कागद उडवतो. म्हणून लोक यायच्या आधी खोली पुरती गार करून घ्या आणि मध्यंतरात सगळ्या खिडक्या उघडा. खोली तापते तशा स्टीलच्या तारा सैल पडून उतरतात. गिटार कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास पेटीतून बाहेर ठेवा, आणि लोक बसल्यावर सूर पुन्हा तपासा. रिकाम्या खोलीत लावलेली गिटार भरलेल्या खोलीत तशीच राहत नाही.

हेच विज्ञान बँडच्या प्रश्नातही उपयोगी पडेल. तुमच्या मित्रांना वाटतंय की तुम्ही त्यांना टाळता आहात. त्यांना कारणं दाखवा. ड्रम सेट जोरात वाजला की शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो, त्याच्यासमोर माईकशिवाय गळा टिकणार नाही. चार-सव्वाचार मीटर लांबीच्या खोलीत ४१-४२ हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) आसपासचा सूर आपोआप फुगतो, आणि बास गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर तिचा सूर बरोबर ४१ हर्ट्झ. म्हणजे अशा खोलीत ती एक नोट बाकी सगळ्यांना गिळून टाकते. हे रुसवेफुगव्यांचं प्रकरण नाही, लांबी-रुंदीचं आहे.

पण एवढ्याने भागेल असं समजू नका. 'आम्हाला वगळून?' यात खोलीच्या लांबीपेक्षा जास्त काही विचारलेलं असतं. ही एकटीने जायला लागली की पुढे आपली गरज पडेल का? याचं खरं उत्तर तुमच्याजवळ असेल तर ते द्या. खरंच एकटीने पुढे जायचं असेल तर तेही आता सांगा, दौऱ्याची तारीख जाहीर झाल्यावर नाही. बँड ठेवायचा असेल तर वाटा उघड्या आहेत. ड्रमवाल्याने काहोनवर, म्हणजे ज्यावर बसून हाताने वाजवतात त्या लाकडी खोक्यावर, किंवा काठ्यांऐवजी ब्रशने वाजवून बघावं, ज्या घरात जागा मोठी तिथे तिघांनी जावं. बँडच्या रेकॉर्ड तुम्ही घरोघरी विकलात तर त्यातला वाटा तिघांचा. चाली बसवण्यात त्यांचा हात असेल तर एकटीच्या कार्यक्रमांच्या कमाईतूनही काही द्यायचं का, हे बोला. दोन माणसांचा दौरा हाही पर्याय आहे. रात्री अनोळखी रस्त्यावर गाडी चालवायला दुसरं कुणी असणं ही किरकोळ सोय नाही. मात्र प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च वाढतो आणि ऐच्छिक पाकिटं तेवढीच राहतात, हे आधीच मांडून ठेवा. मला विचाराल तर पहिली फेरी एकटीने करा आणि दुसरी त्यांच्यापैकी एकाबरोबर, पण हे त्या दोघांसमोर बसून ठरलेलं असू दे.

बारा घरं एकदम ठरवू नका. पाच-सहा पुरेत. त्यातही मोठ्या अंतराच्या प्रवासाला आधार म्हणून एखादा ठरलेल्या मानधनाचा कार्यक्रम असू द्या, महोत्सव किंवा कॅफे, आणि तो जिथे आहे त्या वाटेवरची घरं जोडत जा. रोज तीन-चार तासांहून जास्त प्रवास नको. सलग तीन रात्री गायल्यावर एक दिवस गळ्याला सुट्टी, त्या दिवशी गप्पाही कमी. क्लबं आठवड्याच्या शेवटाच्या तारखांवर बसलेली असतात. घरं मात्र बुधवारी-गुरुवारीही मिळतात, म्हणजे मधले रिकामे दिवस भरतात. यजमान शोधायला जाहिरात करावी लागत नाही. प्रत्येक कार्यक्रमात सरळ विचारा, 'तुमच्यापैकी कुणाच्या घरात वीस-पंचवीस माणसं बसतील?' आज जो पाहुणा म्हणून आलाय आणि ज्याने हे सगळं कसं चालतं ते पाहिलंय, त्याच्याइतका पक्का यजमान दुसरा मिळत नाही. निघताना परवानगीने लोकांचे ईमेल किंवा नंबर घ्या. त्या रात्रीचे श्रोते यजमानाचे असतात. संपर्क घेतलेत तरच पुढच्या वेळी ते तुमचे.

यजमानाला पाठवायच्या पानावर काय काय लिहायचं, असं तुम्ही विचारलं होतं. तारीख, सुरू व्हायची आणि संपायची वेळ, किमान किती माणसं आली तर कार्यक्रम होईल, बसायची सोय, पैशाची पद्धत आणि कोण बोलणार, तुम्ही जेवणार का आणि काय खात नाही, राहणार का, मुलं-कुत्री-मांजरं असतील तर त्यांची व्यवस्था, आणि कार्यक्रम रद्द झाला तर काय. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावं, जमलं तर बोलवावंच, हेही लिहा. आमंत्रण मिळालेला शेजारी सहसा तक्रार करत नाही. घर भाड्याचं असेल तर घरमालकाला चालेल का, हे यजमानाने बघायचं. तिकीट लावलं आणि अनोळखी माणसं आली की अनेक देशांच्या कायद्यात घरातला कार्यक्रमही सार्वजनिक सादरीकरण ठरू शकतो. तुमचीच गाणी असतील तर फार अडत नाही, पण दुसऱ्यांची गाणी म्हणणार असाल तर तिथला नियम एकदा बघून घ्या. स्वतःची गाणी स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) गोळा करणाऱ्या संस्थेकडे नोंदवली असतील तर अशा कार्यक्रमांची नोंद तिथे कशी करायची, तेही विचारून ठेवा.

राहण्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, आणि हा विषय मी सोडणार नाही. अनोळखी घरी मुक्काम हा सौद्यातला अलिखित भाग होऊ देऊ नका. यजमानाशी आधी व्हिडिओवर बोला. त्याच्याकडे पूर्वी गायलेलं कुणी असेल तर त्याला विचारा. पत्ता आणि निघायची वेळ घरच्या एका माणसाला रोज कळवा. वाहन तुमचं स्वतःचं हवं. झोपायला कडी असलेली स्वतंत्र खोली नसेल तर 'रात्री मला शांत झोप लागते म्हणून मी बाहेर राहते' एवढंच सांगायचं, जास्त खुलासा नाही. आणि तो खर्च त्या रात्रीच्या किमान रकमेत आधीच धरलेला असू दे.

इतकं सगळं लिहूनही एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. घरगुती दौरा माणसांनी दमवतो. इथे ग्रीनरूम नसते. आल्यापासून झोपेपर्यंत आणि सकाळी चहालाही तुम्ही कुणाच्या तरी समोर असता, आणि प्रत्येक घरी 'गाणी सुचतात कशी?' हा प्रश्न नव्याने येतो. काहींना यातूनच ताकद मिळते, काही चौथ्या दिवशी आजारी पडतात. तुम्ही कुठल्या गटातल्या, हे पाच घरांत कळेल. आणखी एक मर्यादा आहे. ज्यांच्याकडे तीस माणसं मावतील असा दिवाणखाना आहे, त्यांचे मित्र बहुधा त्यांच्यासारखेच असतात. वयाने, पैशाने, आवडीने. तुमची गाणी फक्त अशाच खोल्यांत फिरली तर ती हळूहळू त्यांच्यासाठीच लिहिली जातील. म्हणून कॅफे सोडू नका, तिथला गोंगाट कितीही नकोसा वाटला तरी.

ज्या दोन घरांतून विचारणा आली आहे, त्यांना या आठवड्यात ते पान पाठवा. पहिल्या यजमानालाही एक निरोप द्या: 'त्या दिवशी मी भिडेपोटी नाही म्हटलं. यापुढे मी अशा पद्धतीने कार्यक्रम करते. तुमच्या ओळखीत कुणाला बोलवायचं असेल तर हे पान द्या.' जुने पैसे मागू नका. त्याने आपणहून पाठवले तर मात्र परत करू नका.

तुमच्या ताजा कलमाचं उत्तर राहिलं. दुसऱ्या घरच्या दहा वर्षांच्या मुलीला तुमच्याबरोबर एक गाणं वाजवायचं आहे, तर हो म्हणावं का? म्हणा, पण एकच गाणं, मध्यंतरानंतरचं पहिलं, आणि लोक यायच्या आधी दोनदा एकत्र वाजवून बघितलेलं. तिची गिटार तुम्ही स्वतः सुरात लावून द्या. वडिलांनाही गायचं आहे असं निघालं, तर ते मध्यंतरातच.